दुसरी किल्ली कुणाची

मंडळाच्या खोलीत पंखा लावायचा नाही, कागद उडतात, हा लेखक मंडळाचा सगळ्यात जुना नियम. भिंगरीने पहिल्याच रविवारी पंखा पाचावर केला आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "आता कागद नाहीतच, तर उडणार काय?"

बावीसच्या बावीस लेखक तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. आणि त्या हसण्याने भिंगरी आणखी चार बोटं उंच झाली.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून आत्याने ठेवलेलं. सहामाहीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी ही दहावीतली मुलगी मंडळात आली आणि पांढऱ्या केसांची माणसं तिला 'मॅडम, जरा इकडे' म्हणू लागली. मग काय, मांजरीचा वाघ व्हायला कितीसा वेळ लागतो!

झालं होतं असं, की मंडळाचं छापील मासिक बंद पडलं होतं आणि आता ते ऑनलाइन निघणार होतं. सभासदांतल्या निम्म्यांना मोबाइलची दोनच बटणं ठाऊक, हिरवं आणि लाल. त्यांना शिकवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा आत्या कोपऱ्यातून हळूच म्हणाली होती, "आमची भिंगरी आहे."

चार रविवार शिकवणी चालली. दातांची डॉक्टर असलेल्या बाई कविता करायच्या. त्या माउस अशा काही पकडायच्या की भिंगरी ओरडायची, "डॉक्टर, माउस आहे तो, दाढ नव्हे! उपटू नका!" जमिनी मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले मोजणीकाका प्रवासवर्णनं लिहायचे. त्यांनी पासवर्ड सभासद-कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत लिहिला आणि बरोबर आहे ना म्हणून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"काका, आता बदला तो!"

"का बरं? पाठ झालाय की माझा."

"सगळ्यांचाच झालाय!"

आपापलं खातं उघडायचं, 'नवीन लेखन' दाबायचं, मजकूर टाकायचा, 'पाठवा' म्हणायचं. एवढंच तर होतं. सगळ्यांची खाती उघडली, सगळ्यांनी आपापले फोटो चढवले, ते फोटो दहा-दहा मिनिटं न्याहाळले, आणि ज्यांचं लिहून झालं होतं त्यांनी उठताना पिशवीतून हाताने लिहिलेले कागद काढून आत्यापुढे ठेवले. "ताई, तेवढं तुम्हीच घाला हो. तुमच्या हाताला सवय आहे."

सवय तर होतीच. मंडळात चौदा वर्षं हीच रीत. कुणीही आपलं लेखन थेट छापखान्यात द्यायचं नाही, आधी ताईंकडे द्यायचं. ताई त्याची स्वच्छ प्रत करणार. आत्या दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी लिहून घ्यायची आणि संध्याकाळी लेखकांचं लिहून काढायची. लिहिता लिहिता ती अडलेलं वाक्य सोडवायची, फुगलेलं टाचायची, मेलेल्या कथेत जीव घालायची. हे कुणी कधी बोललं नाही. बोलायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं ना!

सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. ते कागदाच्या वाटेलाच जात नसत. रोज संध्याकाळी सात वाजता घरी फोन करायचे आणि म्हणायचे, "हं, घ्या लिहून." आत्या फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून लिहून घ्यायची. भिंगरीचे बाबा म्हणायचे, "आमच्या घरात सातची बातमीपत्रं नसतात, सातचे अध्यक्ष असतात."

आणि या चौदा वर्षांत आत्याच्या नावावर छापून आलेल्या ओळी किती? शून्य. "आधी दुसऱ्यांचं आटपू दे," हे तिचं पालुपद.

"दुसऱ्यांचं कधी आटपतं का गं आत्या?" भिंगरी म्हणाली. दोघी एकाच खोलीत झोपायच्या, त्यामुळे भिंगरीला छळायला वेळच वेळ होता. "पहिल्या ऑनलाइन अंकात तुझी कथा यायलाच हवी. तुझ्या नावाने. नाहीतर मी शिकवायला येणार नाही."

"वहीत काहीतरी आहे अर्धंमुर्धं..."

"वही नको! फेक ती वही. थेट इथे लिही, स्क्रीनवर. कागदाचा जमाना गेला."

आत्याने वही खरंच रद्दीत टाकली आणि नव्याने सुरुवात केली. अकरा संध्याकाळी ती लिहीत होती. मध्ये सातचा फोन यायचा, ती अध्यक्षांचं 'अध्यक्षीय' लिहून घ्यायची, फोन ठेवला की पुन्हा आपल्या कथेत शिरायची. बाराव्या दिवशी तिने खुर्ची भिंगरीकडे सरकवली आणि स्वतः उगाचच कपडे घड्या घालायला गेली.

कथेचं नाव होतं 'दुसरी किल्ली'. किल्ल्या बनवणारी एक बाई असते. एक दिवस एक अनोळखी तरुणी तिच्याकडे एक किल्ली घेऊन येते, म्हणते, अशीच दुसरी करून द्या. बाई किल्ली यंत्राला लावते आणि तिला दाते ओळखू येतात. ती तिच्याच घराच्या दाराची किल्ली असते. आणि बाई काही न बोलता दुसरी किल्ली करून देते.

भिंगरीने वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. कपड्यांची तीच घडी आत्या तिसऱ्यांदा घालत होती.

"वाईट आहे का गं?"

"आत्या," भिंगरी म्हणाली, "तू इतकी वर्षं काय करत होतीस?"

आता सगळी माती झाली ती पुढे.

आत्याने सगळ्यांचे कागद टाइप केले. स्वतःची कथा धरून बारा मजकूर, घरी बसून, रोज दोन-दोन. प्रत्येकाच्या खात्यात जाऊन करायचं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चौदा वर्षं सगळ्यांचं लेखन एकाच हाताखालून गेलेलं, तसं आताही एकाच खात्यातून गेलं. आत्याच्या. आणि खातं ज्याचं, नाव त्याचं, ते मासिक आपोआप घालतं. भिंगरीने यादी बघितली होती, पण नुसती शीर्षकं मोजली, बारा भरली, आणि ती रंग निवडायला पळाली.

उद्घाटनाच्या रविवारी भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन पडला. अध्यक्षांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मग टाळ्या एकेक करून विझल्या. बारा शीर्षकं, आणि बाराही शीर्षकांखाली एकच नाव. आत्याचं.

"हे काय? माझा प्रवास ताईंनी केव्हा केला?" मोजणीकाका उभे राहिले. "मी गेलो होतो तिकडे! घोट्यात मुरगळलं होतं माझं!"

"माझी कविता!" डॉक्टर बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, जणू कुणी खिसा कापला.

कुणीतरी मागून म्हणालं, "शांत पाण्याला खोली फार." आत्या पांढरीफटक पडली होती.

"थांबा, थांबा!" भिंगरी पुढे धावली. "चूक माझी आहे. दोन मिनिटांत होतं. मी एकेक शीर्षक वाचते, ज्याचं असेल त्याने हात वर करा."

हात वर होत गेले, भिंगरी नावं बदलत गेली. कवितेवर डॉक्टर, प्रवासावर काका, 'अध्यक्षीय'वर अध्यक्ष. अकरा झाली. वातावरण निवळलं, विनोदही सुरू झाले. राहिली 'दुसरी किल्ली', आणि तिच्याखाली बरोबर तेच नाव होतं जे असायला हवं. भिंगरीने मोठ्या थाटात तिचं पान उघडलं. आता यांना कळू दे!

खोली वाचू लागली. मोजणीकाका वाचताना ओठ हलवायचे, ते ओठही थांबले. शेवटाला डॉक्टर बाईंनी एक लांब सुस्कारा सोडला.

"ही अध्यक्षांची," त्या म्हणाल्या. "नाव कशाला हवं? पहिल्या वाक्यातच ओळखलं मी. हीच ती शैली!"

"अहो, प्रश्नच नाही," काका म्हणाले. "साहेब, बऱ्याच वर्षांनी अशी उतरली."

आणि टाळ्या सुरू झाल्या. जोरात.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. भिंतीवरची कथा त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली, दुकानातल्या महागड्या कोटाकडे बघतात तशी. मग त्यांनी एक हात अर्धा वर केला. तो 'पुरे, पुरे' म्हणणारा हात होता की 'माझी' म्हणणारा, ते ज्याने त्याने ठरवावं. सगळ्यांनी ठरवलं.

"ती माझी आहे," आत्या म्हणाली.

आवाज इतका लहान होता की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "ती कथा माझी आहे. मी लिहिलीय."

"लिहिलीत म्हणजे टाइप केलीत," काका समजुतीने म्हणाले. "ते तर माझंही केलंत."

"नाही, तिचीच आहे! मी पहिली वाचली!" भिंगरी किंचाळलीच. "हे बघा, मासिकात सगळी नोंद राहते. अकरा दिवस लिहीत होती ती. हे बघा, इथे वाक्य खोडलंय, इथे पुन्हा लिहिलंय..."

"मुली," अध्यक्ष पहिल्यांदाच बोलले, अगदी मायेने. "तोंडी सांगताना माणूस वाक्यं बदलतोच. ताई, त्या अकरा दिवसांत माझा फोन येत होता की नव्हता?"

आता एखादी असती तर म्हणाली असती, नव्हता. पण आत्याने कचेरीत जन्मभर लोकांच्या तक्रारी खरं-खोटं न बघता जशाच्या तशा लिहून घेतलेल्या, स्वतःचं खोटं बोलायचं कसब तिला कुठून यावं?

"येत होता," ती म्हणाली. "पण तुम्ही 'अध्यक्षीय' सांगत होता."

"अकरा दिवस? दीड पानाचं 'अध्यक्षीय'?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बरं, तुमच्या हातचा कागद दाखवा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांचे आहेत. तुमचाही असेलच की एखादा कच्चा खर्डा."

आत्याने भिंगरीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर परवडलं असतं. राग नव्हताच. भिंगरीला वाटलं, डोक्यावरचा तो पाचावरचा पंखा आत्ताच्या आत्ता खाली कोसळावा.

"कागद नाही," आत्या म्हणाली.

"मग झालं तर. भिंगरी, बदल नाव."

"नाही बदलणार."

"राहू दे, पोरीला त्रास नको," अध्यक्ष म्हणाले.

"मला येतं की!" डॉक्टर बाई उठल्या. चार रविवार ज्यांना माउस धरता आला नव्हता, त्यांनी मंडळाचं खातं उघडलं, नावाच्या चौकटीत बोट न अडखळता नवं नाव घातलं आणि 'जतन करा' दाबलं. पहिल्याच फटक्यात. "बघ, शिकवलंस ते वाया गेलं नाही हो," त्या भिंगरीला म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कौतुक वाटत होतं.

जिन्यात अध्यक्षांनी आत्याला गाठलं. "ताई, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या अंकात तुमचं काहीतरी नक्की घेऊ."

घरी बाबा म्हणाले, "सोड ते मंडळ." आई म्हणाली, "आधी जेवा." भिंगरी उशीत तोंड खुपसून रडली, दोन दिवस मासिकाचं नाव काढेना. आत्याच तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उघड गं जरा. काय म्हणतायत लोक?"

कथेखाली अभिप्राय आले होते. 'काळजात किल्ली फिरली, साहेब!' 'स्त्रीचं मन पुरुषाने इतकं ओळखावं!' आत्याने भिंगरीला ते सगळे वाचायला लावले. मग म्हणाली, "तो तिसरा पुन्हा वाच." भिंगरीने वाचला. आत्या ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भुकेल्याच्या असतं तसं काहीतरी होतं. भिंगरीला ते बघवेना.

घड्याळात सात वाजले. फोन वाजला.

"उचलू नकोस!" भिंगरी म्हणाली.

आत्याने उचलला. पलीकडून आवाज आला, "हं, घ्या लिहून. लोक नवी कथा मागतायत."

"सांगा," आत्या म्हणाली, आणि बोटं चालू लागली. भिंगरी तिच्या खांद्यावरून बघत होती. नेहमी आत्या ऐकायची एक आणि लिहायची दुसरंच, अर्धं गाळून, उरलेलं सावरून. आज ती जे कानावर येईल तेच टाइप करत होती. 'एक माणूस असतो, नको, एक म्हातारा, तो चालला होता, कुठे बरं, असू दे, चालला होता. फार चालला होता. थांबा हं, पाणी पितो. हं. तर त्याला आठवतं, काय आठवतं ते मागाहून घालू.'

"आत्या!"

"श्श. लिहून घेतेय."

चार संध्याकाळी हे चाललं. या वेळी आत्याने अध्यक्षांच्याच खात्यातून 'पाठवा' दाबलं, एक अक्षरही न बदलता. अध्यक्ष आपलं लेखन पुन्हा कधी वाचत नसत. चौदा वर्षांत गरजच पडली नव्हती.

अंक निघाला त्या संध्याकाळी भिंगरी टपून बसली होती. आता फुटेल! आता कळेल सगळ्या गावाला! तिने पान उघडलं.

पहिला अभिप्राय डॉक्टर बाईंचा होता. 'कथेच्या मध्येच लेखक पाणी पितो! या वयात हा प्रयोग!' मोजणीकाकांनी लिहिलं होतं, 'काय आठवतं ते न सांगण्यात केवढं सांगून गेलात.' खाली आणखी. आणि आणखी. भिंगरी खाली सरकवत गेली, तळ येईना.

"किती झाले?" आत्याने विचारलं.

"त्रेपन्न."

"आणि किल्लीला?"

भिंगरीला खोटं बोलावंसं वाटलं. तिला ते सहज जमलं असतं.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

आत्याने मान हलवली, तक्रार लिहून घेतल्यावर हलवायची तशी. "म्हणजे चौदा वर्षं मी यांचं उगाच घासूनपुसून देत बसले होते," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.