टिन अंब्रेलाजचं दहावं गाणं

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक, इथे सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीत त्याचा हिशेब कधी चुकला नाही. दोन, टिन अंब्रेलाज या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम त्याच्याइतका कोणालाच कळला नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे.

त्या अल्बममधली दोन गाणी जगभर गाजली. एक सरकत्या जिन्याचं, दुसरं ओल्या मोज्यांचं. ती लागली की निशिकांत नाक मुरडतो. "हिट गाणी काय, सोम्यागोम्याही ऐकतो. खरा अल्बम दहाव्या गाण्यात आहे." आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याने ते दहावं गाणं मला कॅसेटवर ऐकवलं होतं, स्वतः डोळे मिटून. मी जरा गुणगुणले, तर म्हणाला, "सुनेत्रा, गाण्याला त्रास देऊ नकोस." तेव्हापासून आमच्या घरात मला गायला बंदी आहे.

आता खरं सांगते. त्या अल्बममध्ये नऊच गाणी आहेत. पुण्यात तेव्हा दुकानात कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायची पद्धत होती, आणि शेवटी टेप उरली की दुकानदार स्वतःच्या मनाने काहीतरी भरून टाकायचा. आमच्या दुकानदाराला एकच इंग्रजी गाणं आवडत असावं, कारण माझ्या भावगीतांच्या कॅसेटच्या शेवटीही तेच होतं. मी हे निशिकांतला कधी सांगितलं नाही. ते ऐकताना तो इतका देखणा दिसायचा की माझी जीभच रेटेना. सीडी घे म्हटलं तर म्हणतो, कॅसेटची सर नाही.

आणि २००६ साली टिन अंब्रेलाज सिंगापूरला आले. पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवणार, अशी जाहिरात होती. आमच्या क्लेमेंटी भागातल्या बसस्टॉपवर भेटेल त्या मराठी माणसाला निशिकांत सांगू लागला, "दहावं गाणं प्रत्यक्ष ऐकणार!" रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. आणि रोज तो कार्यक्रमासाठी इस्त्री केलेला शर्ट कपाटातून काढून पुन्हा बघत बसायचा.

कार्यक्रमात जिन्याच्या गाण्याला अख्खं सभागृह उभं राहिलं. आमची मुलगी अश्लेषाही नाचली. हा मात्र हाताची घडी घालून बसलेला. नववं गाणं संपलं, बँडने वाकून निरोप घेतला, दिवे लागले.

"थांबा, एक राहिलंय," निशिकांत म्हणाला.

"पा, फिनिश ऑलरेडी लाह," अश्लेषा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि बाहेर सटकली.

लोक गेले. सफाईवाली आंटी खुर्च्यांखालचे कप गोळा करू लागली. निशिकांत रिकाम्या स्टेजकडे बघत उभाच, शाळा सुटल्यावर कोणी न्यायला न आलेल्या मुलासारखा. मला अगदी बघवेना.

म्हणून मीच गायला लागले. पहिलं कडवं, माझ्या पेठेतल्या इंग्रजीत.

तो वळला. "तुला हे पाठ आहे?"

"माझ्या भावगीतांच्या कॅसेटच्या शेवटी होतं. तुझ्याच त्या दुकानदाराने भरलेलं."

हिशेब जुळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे हे त्यांचं नाहीच? मग कोणाचं?"

"देव जाणे."

आंटी आमच्या रांगेपर्यंत आली. आता हा रागावणार, असं मला वाटलं. निशिकांत खाली बसला.

"पुढचं कडवं येतं?"

"येतं. पण गाण्याला त्रास होईल."

"होऊ दे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.