शेवटच्या कडव्यातला हुंदका

“काका, तो हुंदका! आता त्यावरच बोला,” कॅमेऱ्याशेजारून निर्माती म्हणाली. “लोक जीव टाकतात हो त्याच्यावर.”

रेकॉर्डिस्टनं तोंड वाकडं केलं. उभा जन्म स्टुडिओत काचेमागे बटणं फिरवण्यात गेलेला हा माणूस. त्याला सगळे कानसेन म्हणत. बेचाळीस वर्षांपूर्वी ते प्रेमगीत त्यानंच ध्वनिमुद्रित केलं होतं. शेवटच्या कडव्यात गायिकेला हुंदका फुटतो, तो तसाच ठेवलेला. आधी तो तबकडीवर खपला, मग कॅसेटवर, मग सीडीवर. हल्ली तर गादीच्या जाहिरातीत. नवराबायको गादीवर लोळतायत आणि मागे तो हुंदका! कानसेनला ती जाहिरात लागली की शिसारी यायची.

शेजारच्या खुर्चीत तीच गायिका बसली होती. सत्तरी उलटलेली, पण आवाज अजून खणखणीत. तिनं नुकतंच आपलं नेहमीचं सांगितलं होतं: शेवटच्या कडव्याआधी संगीतकार आत आले, आई गेल्याचा निरोप आत्ताच आलाय, थांबायचं का, म्हणाले, आपण म्हटलं, नको, गाते.

“देवमाणूस होते,” ती म्हणाली.

“कसला देवमाणूस!” कानसेन थुंकल्यासारखा बोलला.

“काय रे, काय झालं?”

“ताई, निरोप तेव्हा नव्हता आला. सकाळी साडेदहाला फोन आला. मीच घेतला. आई तुमचा धोसरा घेऊन बसलीय, ताबडतोब पाठवा, म्हणाले. मी संगीतकारांच्या कानावर घातलं. तर म्हणे, वादक परत जमायचे नाहीत, तिला कळता कामा नये. तीनला दुसरा फोन, गेल्याचा. तोही दाबला. शेवटचं कडवं कोरडं येत होतं ना, म्हणून मग तुम्हाला सांगितलं. बाहेर येऊन हात चोळत मला म्हणाले, ‘आता बघ कसं येतं ते.’”

निर्मातीनं कॅमेरामनला खूण केली: चालू ठेव.

“आणि तू?” गायिकेनं विचारलं.

“मी टेप चालू ठेवली. हुंदका आला तेव्हा आवाज थोडा वाढवला. नीट ऐकू यावा म्हणून.”

ती खुर्चीतच त्याच्याकडे वळली.

“एक वाजता आपण जेवलो. तू समोर होतास. माझ्या डब्यातलं खाल्लंस.”

“हो.”

“छान झालंय, म्हणालास.”

“हो.”

“ताई,” निर्माती हलकेच म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. “हेच जरा इकडे बघून... आईची आठवण आली की...”

कानसेन ताडकन उठला आणि त्यानं कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात दाबला. “बंद कर. लाज नाही वाटत? बंद कर म्हणतो ना!”

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला.

गायिका पदर सावरून दाराकडे निघाली. तिथल्या स्टुलावर बसून तिनं सँडलमध्ये पाय घातले. पाय सुजले होते; पट्टे पुरत नव्हते. कानसेन मागोमाग आला, दुखरे गुडघे टेकून तिच्यासमोर बसला आणि त्यानं पट्ट्याला हात घातला.

“राहू दे,” ती म्हणाली आणि पाय मागे घेतला.

मग स्वतःच वाकली. एक पट्टा लागला. दुसऱ्याचं भोक काही केल्या सापडेना. धाप लागली तशी ती सरळ झाली, श्वास घेतला आणि पुन्हा वाकली.

तो तसाच बसून होता.