गोजराबाईंचं मलम

गोजराबाईंच्या हाताला गुण आहे, हे मुळशीच्या त्या वाडीत सगळ्यांना मान्य होतं, आणि सगळ्यांत आधी गोजराबाईंना. कुणाची मान धरली, कुणाचं वासरू दूध पिईना, की निरोप त्यांच्याकडेच. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या धाकट्या मुलानं, किशोरनं, कंपनीतल्या दोस्ताच्या सांगण्यावरून मलमाची ट्यूब आणली, आणि त्याच्या काखेतला नायटा बघता बघता निवला, तेव्हा बाईंना घरात बसवेना.

नायटा वाडीला नवा नव्हता. धरणाच्या काठची दमट हवा, पावसाळाभर अंगावर ओलं लुगडं. परकराची नाडी आवळते तिथं आधी खाज सुटायची, मग लाल कडं उठायचं. बायका त्याविषयी चकार शब्द काढत नसत, पदराआड खाजवत. घरात मात्र कळायचंच. सून ताट लांबून सरकवायची, नवरा अंथरूण वेगळं घालायचा. अशा वेळी गोजराबाई दार लोटून आत येत, "दाव बघू कुटं हाय" म्हणत आणि आपल्या बोटानं मलम चोळत. मग तेच बोट पदराला पुसून पुढच्या घरी. किशोरकडून मागवून ट्यूबाही त्यांनी घरोघर संक्रांतीच्या वाणासारख्या वाटल्या. तेव्हापासून बाईंना चहाला काही तोटा नव्हता.

एकच गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या कमरेवर भाकरीएवढं कडं उठलं होतं. मलम लावलं की दबायचं, थांबवलं की दुपटीनं वर यायचं. लोकांना बरं करणारीनं आपलं दुखणं कुणाला दाखवायचं? शेवटी बीपी तपासायच्या निमित्तानं त्या गुपचूप सरकारी दवाखान्यात गेल्या.

तिथल्या डॉक्टर अपेक्षा लातूरकडच्या, वयानं लहान पण बोलायला सडेतोड. ट्यूब उलटसुलट वाचून त्या म्हणाल्या, "आजी, ही बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येते तशीच, कातडीवर आलेली. या मलमात स्टेरॉइड आहे. त्यानं खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. आणखी कुणाला दिलंत का?"

"दिलं आसंल चार-दोघींना," गोजराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"सगळ्यांना इकडे पाठवा. हे मलम बंद. गोळ्या आणि दुसरं मलम देते, बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही. टॉवेल, कपडे प्रत्येकीचे वेगळे. उन्हात कडक वाळवायचे."

"आषाढात मुळशीत ऊन? बाई, तुमी हितं नव्या हायसा जनू."

डॉक्टर हसल्या. "मग इस्त्री फिरवा."

परतताना मात्र बाईंना हसू येईना. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खाचरात भाताची लावणी होती, आणि लावणी वाडीत इर्जिकीनं होते: आज सगळ्यांनी माझ्या खाचरात वाकायचं, उद्या तुझ्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. रोप वाढून लावणीच्याही पुढं निघालं होतं. बाया रागावून आल्या नाहीत, तर वर्षाचा भात गेला. आधी लावणी उरकावी, मग हळूच सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तोवर सगळ्याजणी तेच मलम चोळत राहणार. स्वतःच्या मनाची त्यांना लाज वाटली आणि मलम वाईट असल्याचं सांगून ट्यूबा परत घ्यायला त्या तशाच घरोघर निघाल्या.

त्यांनी शिव्या खायची तयारी ठेवली होती. झालं भलतंच. कुणाचा विश्वासच बसेना.

"वाईट हाय?" शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या. एका मांडवात लग्न लागलेल्या या दोघी मैत्रिणी. "मग माझी खाज कशी थांबती? सरळ सांग की, आता द्यायचं जिवावर आलंया."

"तसं न्हाई गं."

"वाण दिलेलं कुणी माघारी मागितलंय का कदी?"

दिवेलागणीपर्यंत वाडीभर झालं होतं, की गोजराबाई मलम गोळा करून धरणाकाठच्या रिसॉर्टवरच्या पाहुण्यांना देणार आहेत.

सकाळी बाईंनी मोठ्या पातेल्यात बोंबलाचं कालवण रटरटत ठेवलं आणि धाकधूक मनात घेऊन खाचरावर आल्या. बाया आल्या होत्या. पण पावसासाठी प्लॅस्टिकच्या खोळी डोक्यावर घेऊन बांधावरच उभ्या होत्या, लीलाबाई पुढं.

"मलम का काडून घेत हुतीस, ते आदी खरं सांग," त्या म्हणाल्या. "मग चिखलात पाय घालतो."

गोजराबाईंनी पलीकडे ट्रॅक्टरवर चिखलणी करणाऱ्या किशोरला हाक मारली. "तिकडं तोंड कर रं, आन हिकडं बगू नगंस." मग त्यांनी पदर बाजूला केला आणि परकराची नाडी सैल केली. कड्यात कडं, आणखी कडं, पार पाठीपर्यंत.

"ह्ये त्याच मलमानं वाडलंय," त्या म्हणाल्या. "तुमची खाज गेली न्हाई, निस्ती झाकली. आन बोट माझंच फिरलं सगळ्या घरांतनं. लावणी करू नगा वाटलं तर, पर उद्या दवाखान्यात चला."

खोळींवर पाऊस वाजत होता. मग लीलाबाईंनी पाठ फिरवली आणि आपला पदर उचलला.

"माझं बग. मला वाटलं, माझंच मेलीचं उलटलंय."

तिसरी म्हणाली, "माझं तर धरणायेवडं पसरलंय." एकीनं दंड दाखवला, एकीनं मान. जिला तिला वाटत होतं, की गोजराबाईंचा गुण फक्त आपल्यालाच आला नाही. आणि मग बांधावर असा काही हशा उसळला, की किशोरनं ट्रॅक्टर थांबवला.

"काय झालं गं?"

"तू चिखल कर," सगळ्याजणी एकदम ओरडल्या.

गोजराबाई मात्र हसत नव्हत्या. "मी वाटोळं केलं गं तुमचं," त्या पुटपुटल्या.

लीलाबाईंनी लुगडं गुडघ्यावर खोचलं, रोपाची जुडी उचलली आणि चिखलात पाय घातला. तिथून वळून त्या म्हणाल्या, "मला नायटा झाला तवापास्नं घरात कुणी अंगाला हात लावला न्हाई. पोटचं पोरगं बी लांबनं बोलायचं. तू लावलास. मलम चुकलं आसंल, ते डॉक्टरीन बगंल."

डोळे पुसत गोजराबाई लीलाबाईंच्या शेजारी जाऊन वाकल्या, आणि दोन्ही बाजूंनी रांग भरत गेली.