इर्माच्या बागेचं पाणी

व्हर्जिल पेद्रोनी ठिबकची फाटकी नळी कापत होता, तेवढ्यात शेरीफच्या माणसाची गाडी द्राक्षांच्या बागेत सावकाश शिरली. उतरलेल्या माणसाने आधी टोपी काढली. व्हर्जिलने चाकू मिटून खिशात टाकला, वर जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि मग विचारलं,

"कुठे?"

"धरणावर. बोट सापडलीय, मिस्टर पेद्रोनी. रिकामी."

त्याची बायको इर्मा रविवारी पहाटे एकटीच मासे धरायला जायची. त्या दिवशी ती परतली नव्हती. बोट धरणाच्या चिंचोळ्या टोकाला अडकली होती. धरण भरलं तेव्हा तिथली ओकची झाडं न तोडता तशीच बुडवली होती. पाणबुडे आठवडाभर उतरत राहिले. खाली अंधार आणि फांद्याच फांद्या. इतकं गार पाणी बुडालेल्या माणसाला वर सोडत नाही, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. मग ते गेले.

तो मे महिना होता. व्हॉल्व्ह ऑगस्टपर्यंत बंदच राहिला.

व्हर्जिलच्या आजोबांची वरची बाग हिवाळ्यात तेवढ्या पडणाऱ्या पावसावरच जगत आली होती. तिची मुळं खोल गेलेली. उतारावरची नवी बाग मात्र इर्माची. कलमं तिने स्वतः बांधली होती, आणि नवऱ्याशी भांडून धरणाचं पाणी आणलं होतं. "तुझ्या आजोबांच्या वेली तुझ्यासारख्याच, हट्टी," ती म्हणायची. "माझ्या पोरींना तहान लागते."

आता त्या पोरींची पानं कडेने करपली होती. मणी मिऱ्यांसारखे सुकले होते. व्हर्जिल रोज संध्याकाळी व्हॉल्व्हपाशी जायचा, चाकावर हात ठेवायचा आणि काढून घ्यायचा. बंद नळीतून पाणी वाहिल्यासारखा आवाज यायचा. वाकून कान लावला की थांबायचा.

इर्माची धाकटी बहीण अडेल गावातून आली, ती घरात न जाता थेट बागेत.

"व्हर्ज, गळा दाबून मारायचंय का यांना?"

"पाऊस येईल."

"ऑगस्टात? कुणी सांगितलं, पोपने?"

तो एक वाळकं पान चुरगाळत राहिला.

"बस गाडीत," ती म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"माहीत आहे तुला."

धरणाचं पाणी बरंच उतरलं होतं. काठाला लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. चिंचोळ्या टोकाशी ओकचे शेंडे पाण्याबाहेर आले होते, काळे आणि बोडके. एका फांदीला गळाची दोरी गुंडाळलेली होती. ती कुणाची हे काठावरून सांगता येत नव्हतं. वारा पडलेला होता, तरी दोरीचं टोक हलत होतं. अडेलनेही ते पाहिलं.

"ती इथे आहे," व्हर्जिल म्हणाला. "आणि हे पाणी मी वेलींना घालू? त्या द्राक्षांची वाइन लोकांना पाजू?"

अडेल वाकून बुटातला खडा काढत होती.

"आमच्या नळाला कुठलं पाणी येतं, व्हर्ज?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या घरी विहीर होती. गावाचा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता.

"सुरुवातीला मी दुकानातून बाटल्या आणल्या," ती म्हणाली. "भाजीसुद्धा त्यातच धुवायचे. एड म्हणाला, बायकोचं डोकं फिरलं."

"मग?"

"मग एका सकाळी बाटल्या संपल्या. नळाखाली भांडं धरलं, कॉफी केली. रडले, आणि प्यायले." तिने बूट पायात चढवला. "आता रोज पिते. तेवढीच येते ती माझ्या घरी."

परत आले तेव्हा ऊन कललं होतं. अडेल गाडीतच बसून राहिली. व्हॉल्व्हचं चाक घट्ट झालं होतं. व्हर्जिलला दोन्ही हात लावावे लागले. नळ्यांतून आधी नुसती हवा निघाली, कुणी दमून श्वास सोडावा तशी. मग पाणी आलं.

तो ओळीओळीने खाली चालत गेला. वेलींच्या बुडाशी माती काळी होत होती. काही वेली केव्हाच गेल्या होत्या. त्यांच्या नळ्याही त्याने बंद केल्या नाहीत. शेवटच्या ओळीत तो गुडघ्यांवर बसला आणि थेंबांखाली ओंजळ धरली. ती भरायला वेळ लागला. उन्हात पडलेल्या नळीतून आलेलं पाणी अंगाइतकं कोमट होतं. त्याने ओंजळ तोंडापाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली, आणि वेलीच्या बुडाशी सोडली.

वेलींना पाणी मिळालं. त्याचं प्यायचं राहिलं.