सोयर पाळलेली खोली

मी उंदरांच्या लेंड्या वेचते. मुलगी बघायला आलेल्यांसमोर हे सांगितलं की चहा घशात अडकतो, म्हणून आई ‘औषधशास्त्रात संशोधन करते’ एवढ्यावर भागवते. पण खरं काम हेच. उंदीर घाबरला, त्रासला की आजाराशी लढणारं त्याच्या आतड्यातलं एक प्रथिन कमी होतं आणि तो फरक लेंडीत उतरतो. लेंडी मिठाच्या पाण्यात घोटायची, वरचं पाणी घ्यायचं, त्यात रसायनं घालायची आणि रंग किती चढतो ते यंत्रावर मोजायचं. गडद म्हणजे स्वारी मजेत, फिका म्हणजे काहीतरी बिनसलंय. सुई नाही, रक्त नाही. उंदराला पत्ताही लागत नाही.

नाशिकच्या आमच्या कॉलेजातले देवरे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, यांचा भरवसा मात्र शेपटीतून काढलेल्या रक्तावर. तो प्रकार मी एकदा पाहिला. कापडात गुंडाळलेला उंदीर असा थरथरत होता की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी लेंड्यांच्या मागे लागले. सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. आकडे पटले नाहीत तर पुन्हा सुई.

दसऱ्याला मी घरी येवल्याला गेले, परत आले, आणि आकडे बिघडलेले. आमच्या उंदरांच्या दोन खोल्या; पुढच्या खोलीतल्या सगळ्या नमुन्यांचा रंग फिका. मागच्या खोलीतल्यांचा नेहमीसारखाच गडद.

“दोन्हीकडे खाणं तेच, हवा तीच, माणसं तीच,” सर म्हणाले. “उंदरांना काही झालेलंच नाही. मग हे आलं कुठून? सोमवारी सुया मागवतो.”

मला लेंड्यांचाच राग आला. एवढं जपलं, आणि ऐन वेळी तोंडघशी पाडलं! मग मी हट्टालाच पेटले. वीज जाऊन फ्रीजर बंद पडला असेल? पण दोन्ही खोल्यांचे नमुने एकाच फ्रीजरमध्ये. खाण्याचं पोतंही एकच. शेवटी पुढच्या खोलीत जाऊन रॅकखाली वाकले, तर कोपऱ्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

फुलं? या खोलीत? मला गजरा घालून आत यायला सरांची बंदी!

पिंजरे धुणाऱ्या सिंधुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “खंडेनवमीला अवजारांची पूजा नाय का? तुम्ही दरसाल गावाला जाता, तुम्हाला काय ठावं. सर लय मनापासून करत्यात. द्वारका चौकातनं फुलं आणत्यात. पिंजऱ्यांना हळदकुंकू, धूप, घंटा, समदं.”

“आणि मागच्या खोलीत?”

“तिथं कशी करणार? कोपऱ्यातली उंदरीण आदल्या दिवशी बाळंत झाली. मी म्हनलं, सर, सोयर हाय. हसले, पन आत नाय गेले.”

मी तिथेच उपड्या बादलीवर बसले. घरात मूल जन्मलं की काही दिवस देवपूजा बंद, हे मला माहीत होतं. पण सोयर उंदरांनाही लागतं आणि त्यामुळे अख्खी खोली धूप-घंटेतून वाचते, हे कुठल्या पुस्तकात सापडलं असतं? आमचे उंदीर कुजबुजीनेही कान टवकारतात. त्यांच्या डोक्याशी घंटा! आणि वर कोंडलेला धूर.

आता हे सरांना सांगणं आलं. पाकळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एक पाकळी उचलून तळहातावर घेतली.

“वर्षभर आपण त्यांच्याकडून घेतच असतो,” ते म्हणाले. “एक दिवस त्यांचा मान राखावा, एवढंच होतं गं.”

मला एकदम त्यांचं वाईट वाटलं. ते उठून पुढच्या खोलीत गेले, मी मागोमाग. एका पिंजऱ्याच्या दारावर राहिलेलं कुंकू त्यांनी अंगठ्याने पुसलं. आतला उंदीर मागे सरकला.

“मी समोर उभा होतो,” सर हळू आवाजात म्हणाले. “घाबरले होते, आणि मला दिसलं नाही.”

“लेंडीत दिसलं, सर.”

ते किंचित हसले. “सुया नको मागवायला.” मग दारापाशी थबकले. “सृष्टी, मी रोज नुसता आत येतो ना, तेव्हा काय होतं त्यांना? तेही कळेल?”

“कळेल,” मी म्हणाले. “पण त्यासाठी तुम्हाला काही दिवस बाहेर राहावं लागेल.”

सरांनी एकदा सगळ्या पिंजऱ्यांवरून नजर फिरवली, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि पाय न वाजवता बाहेर गेले.