सत्तावीस नंबरचं पान

राजनंदिनीच्या पुस्तकाचं पान वाऱ्यानं उलटलं आणि ती आधीच्या पानावरचंच वाचत राहिली.

सप्टेंबरातली दुपार होती. चौथीचा वर्ग, वर पत्रे, पंखा लाइटीच्या मर्जीवर. ती उभी राहून सत्तावीस नंबरच्या पानावरचा 'माय व्हिलेज' हा इंग्रजी धडा घडाघडा म्हणत होती. पुस्तकात मात्र एव्हाना एकोणतिसावं पान उघडं झालं होतं. त्यावर हत्तीचं चित्र होतं. तिचं बोट हत्तीखालच्या ओळींवरून डावीकडून उजवीकडे अगदी शहाण्यासारखं सरकत होतं आणि तोंडातून गावची विहीर, गावचं देऊळ, गावचा रस्ता बाहेर पडत होता.

राग माझ्या नाकावरच असतो. मी ओरडले, "काय वाचायलीस?"

"माझं पान, मॅडम."

"एलिफंट हा शब्द कुठं लिहिलाय ते दाखव."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि बोट हत्तीच्या पोटावर ठेवलं. वर्गात कुणी हसलं नाही. चौथीतली पोरं अशा वेळी हसली नाहीत म्हणजे काहीतरी गडबड आहे हे समजावं. मी एकेकाला उठवलं आणि एकेकाला दुसऱ्याचं पान दिलं. एकतीस पोरांपैकी चौघांना वाचता आलं. बाकीची सत्तावीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, मी पहिला शब्द सुरू करून देईन या आशेनं.

ओरडायचं कुणावर? तिसरीतही ही पोरं माझ्याकडेच होती, आणि बोट फिरवायला मीच शिकवलं होतं.

आमच्या नवदीप इंग्लिश स्कूलची ही पद्धत आहे. शाळा विनाअनुदानित, पेडगाव फाट्याच्या अलीकडे, पिवळ्या रंगाच्या दोन व्हॅन आणि पत्र्याचे नऊ वर्ग. ऑगस्टमध्ये प्रत्येक पोराला एक पान नेमून दिलं जातं आणि पेन्सिलनं त्यावर त्याचं नाव टाकलं जातं. पाच महिने ते पान घोटून घ्यायचं. जानेवारीच्या गॅदरिंगला पोरगं माईकपुढे पुस्तक धरून ते 'वाचतं'. आईबाप मोबाइलवर शूटिंग करतात, ते गावच्या ग्रुपवर जातं, आणि एप्रिलच्या उन्हात आम्ही बाया दारोदार ॲडमिशन मागत फिरतो तेव्हा लोक आधीच निम्मे राजी असतात. त्या फिरण्यात माझ्या दोन चपला तुटल्या आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझी माझ्याबद्दल आहे, कारण या कामात मी सगळ्यात तरबेज होते. मागच्या गॅदरिंगला आदर्श शिक्षिका म्हणून मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते अजून बरोबर वेळ दाखवतं, एवढंच त्यातलं खरं.

त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. माझी आई, लक्ष्मीबाई, दुसऱ्याच्या रानात खुरपून मला बी.एड. करणारी बाई. तिला स्वतःला अक्षर येत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "तुला कोनी पाठ करून दिलं होतं का गं?"

"नाही."

"मंग दुसऱ्याच्या लेकराला कामून देतीस?"

एवढंच बोलली. पण मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या पानांवरची नावं खोडरबरनं पुसून टाकली आणि अक्षरांच्या आवाजांपासून सुरुवात केली. चौथीच्या पोरांना पहिलीचं. पोरांना लाज वाटली, काही रडली. मधल्या सुट्टीत, व्हॅन सुटायच्या आधी अर्धा तास, जिथं फट सापडेल तिथं मी शिकवलं. बिस्किटाचे पुडे, साबणाचे कागद, वहीची कव्हरं, जे मिळेल ते वाचायला लावलं. दिवाळीनंतर एक दिवस राजनंदिनी शाळेच्या व्हॅनपुढे उभी राहिली आणि दारावरचा शब्द एकेक अक्षर जुळवत वाचून म्हणाली, "मॅडम, इथं इमर्जन्सी लिवलंय. रोज बघायले, पर मला वाटायचं ते नक्षी हाय." या एका वाक्यासाठी मी आणखी दहा उन्हाळे दारोदार फिरेन.

संस्थेचे अध्यक्ष बन्सीधर सर वाईट माणूस नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यांचा राग येईल. माळरानावर त्यांनी शाळा उभी केली, पहिल्या वर्षी व्हॅनही स्वतःच चालवली. डिसेंबरात त्यांनी मला कार्यालयात बोलावलं.

"मॅडम, चौथीची पानं कुठवर आली?"

"पानं बंद केली सर. पोरं वाचायला शिकायलीत."

"वाचायला सारं आयुष्य पडलंय की. गॅदरिंगला काय करता?"

"वाचतील. हळू वाचतील."

ते खुर्चीत मागं रेलले. "पालकाला काय पायजे, सांगू का? फाडफाड. पोरगं अडकलं की पालक दुसऱ्या शाळेत. पोरं गेली की वर्ग बंद. वर्ग बंद झाला की तुमी घरी. मी तुमच्या भल्याचं सांगायलोय."

"मला कळतंय सर."

"कळायलंय तर पानं घ्या. न्हाईतर तुमचा राजीनामा मी टाइप करून ठिवतो."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पेडगाव ते परभणी पट्ट्यात बी.एड. झालेल्या पोरी पायलीला पन्नास मिळतात. माझी जागा संध्याकाळपर्यंत भरली असती. घरात कमावणारी मी एकटी, आणि आईचे गुडघे आता रानात बसू देत नाहीत. सहकारी साक्षी मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं, "चार ओळी पाठ करून घे ना बाई, आणि तुझं ते वाचन जूनपासून सुरू कर." शहाणा सल्ला होता. मी तो ऐकला नाही. जूनमध्ये ही पोरं पाचवीत गेली असती आणि पाचवीच्या बाईंनी त्यांना नवीन पान दिलं असतं.

त्याऐवजी मी पोरांच्या डायरीत पालकांसाठी एक ओळ लिहिली. गॅदरिंगला येताना घरातलं इंग्रजी छापलेलं काहीही घेऊन या, तुमचं मूल ते वाचून दाखवेल.

जानेवारीचा दुसरा शनिवार. मैदानात मंडप, दुपारचं ऊन, तिसरीची पोरं फाडफाड म्हणून गेली आणि टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मग चौथी. पहिला पोरगा औषधाच्या गोळ्यांचं पाकीट वाचताना तिसऱ्या शब्दाला अडकला. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी खिदळलं. दुसऱ्यानं चहाचा पुडा वाचला, तो निभावला. तिसरी राजनंदिनी.

तिचे वडील मुंजाजी पुढच्या रांगेतून उठले आणि पिशवीतून फवारणीच्या औषधाचा रिकामा खोका काढून तिच्या हातात दिला. कापूस, सोयाबीन करणारा माणूस, पोरीच्या इंग्रजीचं कौतुक गावभर सांगणारा. मोबाइल त्यांनी आधीच उभा धरला होता.

"कीप," राजनंदिनी म्हणाली. मग थांबली. मंडप वाट बघत होता. "औट. ऑफ." तिच्या कपाळावर घाम होता. "री. रीच." मी बाजूलाच उभी होते. मी एक शब्द पुटपुटले असते तर ती सुटली असती. मी पुटपुटले नाही. "ऑफ. चिल. चिल्ड्रन."

"मॅडम, रीच म्हणजे?" तिनं माईकवरच विचारलं.

"हात पोचणं."

ती क्षणभर खोक्याकडे बघत राहिली. "म्हणजे लेकरांचा हात पोचंल असं ठिवू नका."

मंडपात हशा पिकला. एका ओळीला इतका वेळ. मुंजाजींनी मोबाइल खाली केला. त्यांचा चेहरा उतरला होता. "मागच्या वर्षी तर लय फाडफाड वाचत होती," ते उभे राहून म्हणाले. "आवंदा काय झालं हिला?"

मी पुढं होऊन राजनंदिनीपुढचा माईक हातात घेतला. बन्सीधर सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माईक द्या मॅडम. मी सांभाळतो." सांभाळलं असतं त्यांनी. मुलीची तब्येत बरी नाही म्हणाले असते. मी माईक सोडला नाही.

"मागच्या वर्षी ती वाचत नव्हती," मी म्हणाले. "पाठ केलेलं म्हणत होती. मीच पाठ करून घेतलं होतं. पुस्तकावर बोट कसं फिरवायचं, तेही मीच शिकवलं. मी तुम्हाला फसवलं. आज तिनं जे वाचलं, ते तिचं आहे."

"मंग मागल्या वर्षी आमी काय ऐकायलो होतो?"

"माझं ऐकत होता."

मुंजाजींनी खोका घेतला, पोरीचा हात धरला आणि मंडपातून निघून गेले. त्यांच्यामागं आणखी चार-पाच कुटुंबं उठली. उरलेल्या पोरांनी वाचलं, अडखळत, थांबत, शेवटच्या पोरापर्यंत. टाळ्या थोड्या पडल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मी आईपाशी बसून रडले आणि मग भिंतीवरचं ते आदर्श शिक्षिकेचं घड्याळ काढून पेटीत टाकलं.

सोमवारी मी वर्गात गेले ती रिकामे बाक मोजायच्या तयारीनं. सहा रिकामे होते. राजनंदिनी जागेवर होती. हजेरी व्हायच्या आत ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, पप्पा लय चिडले होते. तुमाला बी बोलले, मला बी बोलले."

"बोलू दे."

"पर घरी गेल्यावर औषधाचा डबा खाटंखालून काढला त्यांनी. वर आढ्याला टांगला. आमचा बाळू रांगायलाय न्हवं, त्याचा हात पोचत होता."

आयुष्यात मला एवढं मोठं बक्षीस कुणी दिलं नव्हतं.

तेवढ्यात शिपाई पंडित आला. नजर चुकवत त्यानं एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. "सरांनी सही मागितलीय मॅडम," म्हणाला आणि पाय उचलून निघून गेला. कागद प्रिंटरमधून नुकताच आलेला, हाताला गरम लागत होता. इंग्रजीत तीन ओळी, खाली रेघ. मी वाचला आणि तसाच टेबलावर राहू दिला.

राजनंदिनी तिथंच उभी होती. हल्ली दिसेल ते छापील वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. तिनं बोट कागदावर ठेवलं. या वेळी बोट शब्दाबरोबर चाललं, शब्द अडला की बोटही अडलं.

"आय. धम्मशीला. खिल्लारे." ती माझ्याकडे बघून हसली, मग पुढं वळली. "रे. सिग."

"त्याला रिझाइन म्हणायचं."

"रिझाइन. फ्रॉम माय पोस्ट. ॲट माय. ओन. विश." एव्हाना सगळा वर्ग टेबलाकडे बघत होता. "रिझाइन म्हणजे काय मॅडम?"

"नोकरी सोडणं."

"आनि ओन विश?"

"स्वतःच्या मर्जीनं."

ती विचारात पडली. "तुमची मर्जी हाय का?"

"नाही."

"मंग हे खोटं लिवलंय."

दारात सावली पडली. बन्सीधर सर कधीचे उभे होते कोण जाणे. कागदासाठीच आले असणार. ते त्या पोरीकडे बघत होते, तिच्या बोटाकडे, आणि मग माझ्याकडे.

"हे तिला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"सर, हा कागद तुम्ही आत्ता छापलात," मी म्हणाले. "पाठ करायला वेळ कुणाला होता?"

ते दारातून हलले नाहीत. उद्या माझी नोकरी राहील की जाईल, मला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण माझ्या हातानं मी ती घालवणार नव्हते. घालवायची तर त्यांनी घालवावी, स्वतःच्या नावानं, वाचता येणाऱ्या पोरांसमोर.

"पुढं वाच," मी राजनंदिनीला म्हणाले.

"पुढं नुसती रेघ हाय मॅडम. रेघंवर काईच न्हाई."

"बरोबर वाचलंस," मी म्हणाले, कागदाची घडी करून सरांच्या हातात दिली, आणि हजेरीचं पहिलं नाव पुकारलं.