एरोच्या अंगणातल्या बारा खुंट्या

भानुदास मेश्राम नागपूरचे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं सायकल हाणली, त्यामुळे सत्तरीला टेकले तरी गुडघे कसे, तर विशीतल्या पोरासारखे. फेब्रुवारीत ते लेकीकडे, संघमित्राकडे, मिशिगनमधल्या नोव्हायला आले आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आडवे झाले. संघमित्रा ऑफिसला गेली होती. हे आपले कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला निघाले आणि ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून असे घसरले की सगळा भार उजव्या खांद्यावर. हाक मारायला गेले, तर आवाजच फुटेना.

शेजारच्या घरातून एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा छोटी छोटी पावलं टाकत आला. त्याने फोन लावला, अंगातला जाड कोट काढून यांच्यावर घातला आणि वारा अडवायला यांच्या पाठीशी बर्फातच बसकण मारली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत भानुदास म्हणाले, "यू गो, कोल्ड." म्हातारा हलला नाही. ॲम्ब्युलन्स आली, यांना आत घेतलं, दार बंद झालं. पुढे ऑपरेशन, खांद्यात प्लेट, दोन महिने झोळीत हात.

म्हाताऱ्याचं नाव एरो. आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. संघमित्रा दुसऱ्याच दिवशी कोट परत देऊन, आभार मानून आली होती. पण भानुदासांच्या मनाला ते पटलं नव्हतं. "जीव माझा वाचवला, अन् आभार तू मानून आलीस! मलेच गेलं पाहिजे."

बुद्धपौर्णिमेला तो योग आला. संघमित्राने खीर केली. भानुदासांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. एक इंग्रजी वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं होतं: तुम्ही माझा जीव वाचवलात, मी तुमचा सदैव ऋणी राहीन. संध्याकाळी दोघं खिरीचं पातेलं घेऊन शेजारी गेले.

एरो आणि त्याची बायको लिंडा मागच्या अंगणात खुर्च्यांवर बसली होती. भानुदासांनी घसा खाकरला, तोच त्यांची नजर कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर गेली. तिच्यात तिरप्या डोक्याच्या बारा खुंट्या, प्रत्येकीवर आकडा, आणि एक आखूड जाड दांडका.

"हे काय, बापा?" वाक्य राहिलं बाजूलाच.

एरोचा चेहरा खुलला. मोल्की, तो म्हणाला. त्याच्या आजोबांच्या मुलखातला खेळ. संघमित्रा मराठीत सांगत गेली: दांडका खालून फेकायचा. एकच खुंटी पडली तर तिच्यावरचा आकडा आपला. जास्त पडल्या तर पडतील तेवढेच गुण. बरोब्बर पन्नास करायचे. वर गेलात तर पुन्हा पंचवीसवर.

"खालून ना? मग खांदा उचलायला नको," भानुदास म्हणाले. "चला, खेळू."

एरो क्षणभर लिंडाकडे बघत राहिला. मग उठला.

भानुदासांचा पहिला दांडका कुंपणाला लागला. दुसऱ्याने बारा नंबर एकटी लोळवली. ते असे ओरडले, की संघमित्राला हसू आवरेना. पडलेली खुंटी पडली तिथेच उभी करायची, हा नियम. ते वाकून उभी करत होते. एरोच्या फेकीनंतरही तेच वाकत होते, कारण एरो जागचा हलत नव्हता. नुसता ओशाळून "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

"यांना वाकता येत नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

संघमित्राने लिंडाला विचारलं. लिंडा सांगू लागली आणि संघमित्रा एकेक वाक्य मराठीत आणत गेली.

"बाबा, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. तीन वर्षं झाली, एकदा जमिनीवर बसले की त्यांना उठताच येत नाही. काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, त्यांनाही वाकवत नाही. म्हणून पेटी बंदच होती, आज नुसती पुसायला काढली होती. अन् त्या दिवशी आपल्याला उठता येणार नाही हे माहीत असून ते बसले. तुम्हाला उशीर नको म्हणून तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही, तुमची ॲम्ब्युलन्स गेल्यावर दुसरी बोलवावी लागली. दोघांनी धरून उठवलं त्यांना. आठवडाभर अंथरुणात होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मला बोलले नाहीत."

भानुदासांनी हातातली खुंटी खाली ठेवली. घोकलेलं वाक्य आठवत होतं, पण आता ते फार तोकडं वाटलं. ते एरोजवळ गेले. डाव्या हातात त्याचा हात घेतला, कपाळाला लावला. दोन्ही म्हाताऱ्यांचे डोळे भरले.

"त्यांना सांग," ते मग म्हणाले, "खुंट्या मी उभ्या करीन. रोज. माह्या गुडघ्यांना सरकारने चौतीस वर्षं तालीम दिली आहे."

"नो, नो, यू आर माय गेस्ट," एरो म्हणाला.

"गेस्ट नाही. शेजारी!" भानुदास म्हणाले आणि जाऊन सात नंबर उभी केली.

त्या संध्याकाळी ते अठ्ठेचाळीसवर होते. दोन नंबर पाडायची, तर पाच नंबर पडली आणि ते धाडकन पंचवीसवर आले. एरो इतका हसला, की लिंडा म्हणाली, याला असं हसताना बघून किती दिवस झाले.

ऑगस्टपर्यंत खेळ रोज चालला. खांदा त्या फेकाफेकीत मोकळा झाला, की फिजिओथेरपीने, कोण जाणे. भानुदास मात्र श्रेय एरोलाच देत.

ते नागपूरला परतले. चार वर्षं त्या घराशेजारी राहून त्या अपघातापर्यंत संघमित्राला त्या दोघांची नावंही माहीत नव्हती, याची तिला लाज वाटत असे. आता दर शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्या मागच्या अंगणात जाते, खुंट्या उभ्या करते आणि फोन कुंपणावर टेकवून ठेवते. नागपुरात तेव्हा रविवारची पहाट असते. भानुदास चहाचा कप घेऊन बसलेले असतात आणि एरोने दांडका उचलला, की तिकडून ओरडतात, "बारा नंबर, एरोभाऊ! बारा नंबर!"